दत्तूअण्णाचे बारमाही टायर

दत्तूअण्णा माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचा. आधी चपलेचा तळ. कुणी नवीन माणूस समोर आला, रामराम झाला, की अण्णा शांतपणे म्हणायचा, "पाय जरा वर करा बघू." आणि माणसं करायची! अण्णाच्या आवाजात असं काहीतरी होतं की माणूस आधी पाय वर करायचा आणि मग आपण हे काय चालवलंय म्हणून इकडंतिकडं बघायचा. तोवर अण्णाचं वाचून झालेलं असायचं.

"टाच भायेरनं झिजलीय. रागीट हाय तुमी. पर राग घरात काढता, भायेर न्हाई."

माणूस पाय खाली घ्यायचा. बरोबर आलेली बायको मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागायची.

माझं शिलाईचं दुकान रामनगरात, बेळगाव-गोवा रस्त्याला. समोर चिंचेखाली अण्णाची काळी अँबॅसडर उभी असायची. त्यामुळं पंधरा वर्षं हा माणूस सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर, माझी इच्छा असो नसो. मलाही त्यानं पहिल्याच दिवशी पाय वर करायला लावला होता. "मास्तर, उजवी पुढनं झिजलीय, ती मशीन चालवून. डावी टाचंला झिजलीय. म्हंजे घरातनं निघताना तू मागं वळून वळून निघतोस."

"मागं कशाला वळू?"

"वैनी काय सांगत्यात ते ऐकायला."

आमच्या मंडळींना हे कुणीतरी सांगितलं आणि पुढं आठ दिवस मला घरात धड चहा मिळाला नाही, कारण गाळता गाळता ती हसत होती.

एकदा खानापूरकडचं एक स्थळ गल्लीत मुलगी बघायला आलं. मुलगा देखणा, पायांत चकचकीत बूट. मुलीच्या बापानं कौतुकानं अण्णाला बोलावलं. अण्णानं बूट उलटे करून बघितले आणि म्हणाला, "ह्या बुटानं मला कायबी सांगितलं न्हाई. उद्या जुनी चप्पल घिऊन या." पाहुणे फणकारून उठले. आम्ही सगळ्यांनी अण्णाला यथेच्छ शिव्या घातल्या. पुढं कळलं, बूट मुलाच्या मावसभावाचे होते. अण्णाचं बरोबर होतं हे तोंडावर कुणी कबूल केलं नाही, पण त्या दिवसापासून अण्णा दिसला की मुलीचा बाप आधी स्वतःच पाय वर करायचा.

"तळ बघ गा, तळ. वरचं काय, रंग लावला की झालं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि माणूस वागायचाही तसाच. त्याची गाडी वरून कधी पुसलेली मी बघितली नाही. टपावर चिंचेचा पाला, काचेवर कावळ्यांचा प्रसाद. पण खाली आडवं पडून बघाल तर सगळं लख्ख. रोज सकाळी गोणपाटावर उताणा पडून हा गाडीचं पोट पुसत असायचा. रस्त्यावरून नुसते दोन पाय दिसायचे. लोक त्या पायांनाच रामराम घालून पुढं जायचे.

तरुणपणी तो लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, मग बेळगावातनं ही जुनी गाडी आणून भाड्यानं चालवायला लागला. वऱ्हाड, बाळंतीण, दवाखान्यात न्यायचा पेशंट, असलं सगळं तोच न्यायचा. लग्न मात्र केलं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तळ जुळला न्हाई."

तर एका वर्षी शिमगा झाला आणि अण्णाच्या गाडीचे चारही टायर गोटा झाले. पार गुळगुळीत, बोट फिरवलं तर नक्षी लागत नव्हती. दुसरा कुणी असता तर बेळगावला गेला असता, आधी होते तसलेच चार टायर घालून संध्याकाळी परत आला असता. अण्णानं चार महिने लावले.

कारण त्याला बारमाही टायर पाहिजे होते. उन्हाळ्यात डांबरावर तापणार नाहीत, थंडीत दव पडलेल्या घाटात सरकणार नाहीत, आणि भर श्रावणात जोयड्याकडच्या गुंद गावाच्या पुढच्या तांबड्या चिखलातनं वर चढतील, असे एकाच जातीचे टायर. आता ही गाडी चालायची कुठं? बेळगाव, खानापूर, फार तर गोवा. सगळं डांबर. चिखलाशी हिचा संबंध वर्षातनं एक दिवस, आणि तोही अजून आलेला नव्हता.

तो दिवस म्हणजे पंचमी. आमच्या भागात पंचमी हा बहिणींचा सण. भाऊ जातो, बहिणीला माहेरी घेऊन येतो, झाडाला झोका बांधतात, लाडू करतात, म्हाताऱ्या झालेल्या बायकासुद्धा चार दिवस लेकी होऊन झोक्यावर बसतात. अण्णाची एकच बहीण, येसूअक्का. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन तिनंच वाढवलं. ती दिली गुंदच्या पुढं, जंगलात दीड कोस आत असलेल्या एका वाडीत. आता ती विधवा, थोडं भात, एक म्हैस, दिराच्या शेजारी वेगळं बिऱ्हाड. वर्षानुवर्षं ती पंचमीला वाडीपासनं गुंदपर्यंत चालत यायची आणि तिथनं बस धरून रामनगरला उतरायची. अक्काचं चालणं सगळ्या गल्लीला माहीत. डोक्यावर लाडवांचा डबा आणि चाल अशी की मागचा माणूस धापा टाकायचा.

पण गेली तीन वर्षं ती पंचमीला आली नव्हती. निरोप यायचे. एका वर्षी लावणी राहिली, एका वर्षी म्हैस व्याली, एका वर्षी जावेला बरं नाही. अण्णा मात्र दर वर्षी मागच्या फणसाला झोका बांधायचा. पंचमी झाली की सोडायचा. त्यावर कुणी बसायचं नाही. दिवाळीला रस्ता वाळला की हा गाडी घेऊन जाऊन तिला आणायचा, पण दिवाळी ती दिवाळी, पंचमी ती पंचमी.

"अक्का काय लहान हाय काय? येईल की चालत, आधी येत होती तशी," मी म्हटलं.

"न्हाई. गाडीनं आणायची."

"मग जीप सांग कुणाची तरी."

"भाऊ जिवंत असताना भैन दुसऱ्याच्या गाडीतनं म्हायेरी येणार व्हय? तू कापड काप गा."

झालं. चिंचेखाली टायरांचा अभ्यास सुरू झाला. रस्त्याला ट्रक थांबला रे थांबला की अण्णा त्याच्या चाकापाशी उकिडवा. ड्रायव्हर चहा पितोय तोवर हा रबरात नख रोवून बघायचा, नाक लावून वास घ्यायचा. कन्नडमध्ये, कोंकणीत, मोडक्या हिंदीत चौकशी करायचा. माझा टेप न विचारता उचलायचा आणि नक्षीची खोली मोजायचा. माझ्या खडूनं टायरवर खुणा करायचा. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांची घाई, आणि माझा टेप कुठं, तर गोव्याला चाललेल्या मासळीच्या ट्रकखाली! त्या टेपनं मी नंतर एका बाईचं माप घेतलं तर ती नाकाला पदर लावून दुकानातनं निघून गेली.

कहर म्हणजे मांजरपाटाचा. एका म्हाताऱ्याच्या बंड्यांसाठी आणलेलं तीन वार कापड मी बाकावर ठेवून जेवायला गेलो. परत येतो तर ते रस्त्यावर अंथरलेलं, आणि अण्णा कुठनंतरी मागून आणलेले, तांबड्या मातीत बुडवलेले दोन टायर त्याच्यावरनं हळूहळू लोळवतोय!

"अरे माझ्या कर्मा! अण्णा, हे काय केलंस?"

"बघ गा मास्तर, बघ. ह्यो रेघांचा. सरळ जातोय, पर चिखल धरत न्हाई. ह्यो मोठ्या ठोकळ्यांचा. धरतोय चांगला, पर डांबरावर कोल्ह्यागत वरडतोय. नवरीला बेळगावपतोर असल्या आवाजात कसं न्यावं सांग."

मी तेव्हा काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. कापड तीनदा धुतलं, पण ठोकळे गेले नाहीत. शेवटी बंड्या तशाच शिवल्या. म्हातारा बिचारा भोळा, त्याला वाटलं पाठीवर नवी फॅशन निघालीय.

मृगाचा पाऊस पडला, लावण्या सुरू झाल्या, तरी अण्णाचं रेघा की ठोकळे हे ठरेना. गोटा टायरांवर गाडी चालवायची भीती वाटते म्हणून त्यानं भाडीसुद्धा बंद केली. मग एक दिवस मला म्हणाला, "मास्तर, चल. कौल लावू या."

आमच्याकडं देवीला कौल लावतात तो पिकासाठी, लग्नासाठी, घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघतात. टायरासाठी कौल मी जन्मात ऐकला नव्हता. गुरवानंही ऐकला नव्हता. तरी त्यानं पाकळ्या भिजवून चिकटवल्या.

"आई, तुझं लेकरू आलंय," त्यानं सुरू केलं. "त्येची गाडी... त्येच्या गाडीचं ते..." आणि मागं वळून हळूच विचारलं, "अण्णा, देवीपुढं टायरच म्हणू?"

"मंग काय म्हणतोस? टायरच म्हण. उजवीकडं रेघा, डावीकडं ठोकळे."

आम्ही तिघं हात जोडून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या! एका क्षणाला, दोन्हीकडनं.

गुरव गोंधळला. म्हणाला, "असं कधी होत न्हाई. प्रश्न नीट पुसला न्हाईस बघ. मनात कायतरी झाकून ठेवलंयस."

अण्णानं नमस्कार केला आणि निघाला. वाटेत मी चिडवलं, "देवीला बी तळ बघता येतोय गा अण्णा." एरवी हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

पंचमीला सात दिवस राहिले तेव्हा मी त्याला बखोटं धरून बसमध्ये बसवलं आणि बेळगावला टायरच्या दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, कसलेही घे पण घे, माझा टेप मला परत दे. दुकानदार घाईतला माणूस. "गाडी कुठं चालवता?" म्हणाला.

"बेळगाव, खानापूर. कधी गोवा."

"मग रेघांचे घ्या की, डोळे मिटून."

"आणि वर्षातनं एकदा, श्रावणात, गुंदच्या पुढं."

"एकदाच? एका दिवसासाठी तुम्ही बाकीचं वर्ष बिघडवणार होय हो?"

अण्णानं काखेतल्या पिशवीतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि गल्ल्यावर सोडलं. आत एक जुनी बायकी चप्पल. डावी.

मी ओळखली. दिवाळीला अक्का आली होती तेव्हा तिची एक चप्पल हरवली होती. कुत्र्यानं नेली म्हणून अण्णानं सगळ्यांना सांगितलं, तिला नवा जोड घेऊन दिला. अण्णाच्या घरची चप्पल कुत्र्यानं न्यावी ह्याच्यावर गल्ली महिनाभर हसत होती.

"ह्यो रस्ता हितं हाय बघा," अण्णा म्हणाला आणि चप्पल उलटी केली. तळ पार गेलेला. टाचेला तर भोक पडून कडा उरलेली. "ही डावी. उजवी अजून नव्यासारखी हाय. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. कळलं काय? उजव्या पायावर भारच देत न्हाई ती. गुडघा गेलाय. तीन वर्सं मला लावणी सांगती, म्हैस सांगती. तोंडानं सांगंल ती माजी अक्का न्हवं. दिवाळीला माज्यासमोर ताठ चालून दाखवत हुती. तळानं सांगितलं म्हणून कळलं."

मग चपलेची कडा चाचपत म्हणाला, "म्हायेरी यायचं मन असतंय, पाय येत न्हाई. म्हणून टायर पायजेत."

चार महिने मी ह्या माणसाला वेड्यात काढलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही चप्पल बघायला पुढं सरकली. दुकानदारानं चप्पल हातात घेतली, तळावरनं अंगठा फिरवला, आणि कुणाला हाक न मारता स्वतः मागच्या गोदामात गेला. बऱ्याच वेळानं धूळ झटकत बाहेर आला तो दोन टायर घेऊन. मधे सरळ रेघा आणि दोन्ही काठांना ठोकळे. "हे बघा. डांबरावर रेघा चालतात, चिखलात रुतलं की काठ धरतो. जुना माल आहे, पण रबर चांगलं आहे. दोनच आहेत. मागं हे घाला, पुढं रेघांचे."

अण्णानं नख रोवलं. वास घेतला. माझ्याकडं बघितलं. "दोन अन् दोन," तो म्हणाला. "दोन्ही पाकळ्या." देवीला बेळगावच्या गोदामातला माल ठाऊक होता ह्यावर माझा तेव्हापासून विश्वास आहे.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मला का नेलं, तर गाडीच्या मागच्या बाजूला वजन पाहिजे म्हणून. डिकीत तांदळाची दोन पोती आणि माझी कोळशाची लोखंडी इस्त्री घातली होती, मागच्या सीटवर मी. जोयड्यापर्यंत ठीक गेलं. गुंदपर्यंतही बरं गेलं. पुढं जंगलातला रस्ता लागला आणि तांबडा चिखल घोट्यापर्यंत. अण्णा स्टिअरिंगवर वाकून टायरांशी बोलायला लागला. "धर गा. धर माज्या राजा. आता काठावर ये. काठावर."

वाडीच्या अलीकडं शेवटचा चढ. तिथं गाडी एकदा थांबली, मागं सरकली, आडवी झाली. बाजूला खाली ओढा गडगडत होता. मी डोळे मिटून देवीला नारळ बोललो, दुकानातला टेप बोललो, काय काय बोललो. अण्णा ओरडला, "मास्तर, उजवीकडं सरक!" मी सरकलो. मागनं चिखलाचा फवारा उडाला, आणि टायरांनी धरलं. खरंच धरलं हो! गाडी कण्हत कण्हत वर आली आणि अक्काच्या अंगणात वळून तोंड रस्त्याकडं, पाठ घराकडं अशी उभी राहिली.

अक्का डोक्यावर इरलं घेऊन पडवीत आली. श्रावणात तिथं गाडी कधी आलीच नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला. "कोण गेलं रे?"

"कोण न्हाई. पंचमी हाय. चल."

"एवढ्यासाठी गाडी घिऊन आलास? मी आली असती की चालत."

"व्हय, ठाऊक हाय. चल आता."

ती आत गेली, बोचकं बांधलं, लाडवांचा डबा घेतला, जावेला म्हशीचं सांगितलं. मग पायऱ्या उतरायला लागली. चारच पायऱ्या. खांब धरून, एक पाय पुढं, दुसरा त्याच्याशेजारी, मग थांबायचं. मी हात द्यायला पुढं झालो आणि सहज अण्णाकडं बघितलं. गावातल्या प्रत्येकाचे पाय बघणारा हा माणूस अक्काकडं पाठ करून बसला होता. काडीनं मागच्या टायरातला चिखल उकरत होता. एका खाचेतला झाला की दुसऱ्या खाचेतला. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हाच उठला.

परत येताना अक्का मागं बसली, मी पुढं. आता वजन तिचं, तांदळाचं आणि इस्त्रीचं. उताराला लागलो तसं सीटखालनं काहीतरी घसरत माझ्या पायाशी आलं. बघतो तर ते पुडकं. कागद भिजून फाटलेला आणि चपलेचा अंगठा बाहेर. मी टाचेनं ते हळूच मागं रेटलं.

"दत्तू, झोका बांधलास?" मागनं अक्का म्हणाली.

"बांधलाय."

"आन ते कुत्रं कुणाचं रे? दिवाळीला माजी चप्पल न्हेलेलं?"

अण्णानं रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मास्तरचं."

मी आयुष्यात कुत्रं पाळलेलं नाही. लांबनं भुंकलं तरी मी दुकानाची फळी लावून घेतो. पण म्हटलं, "व्हय अक्का. लई वाईट कुत्रं. हाकलून दिलं मी."

गाडी ओढ्याच्या पुलावरनं पार झाली. जरा वेळानं अक्का म्हणाली, "एकच न्हेली, ती बी डावी. कुत्र्याला बी तळ बघता येतो म्हणायचा."

चढ नव्हता, उतार नव्हता, तरी अण्णानं गिअर बदलला. मागनं अक्काचा हात आला आणि त्याच्या खांद्यावर बसला. जोयडा येईपर्यंत तो तिथंच होता.